खात्याला हात लावायचा नाही

मुलुंडला एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला, जिथे पूर्वी पत्र्यांची वस्ती होती आणि आता सात मजली एसआरए बिल्डिंग उभी आहे, तिथे जाऊन राधा तायडे कुठे राहतात विचारा. वॉचमन मान वरही करणार नाही. "भिशीवाल्या राधाताई ना? चौथा मजला. लिफ्ट बंद आहे." नवऱ्याचं नाव राजाराम, मुलगी अबोली, दोघंही चांगली माणसं, पण घराची ओळख भिशीची.

आणि ती ओळख काही फुकटात मिळालेली नव्हती. अकोल्याकडून लग्न होऊन राधाताई ह्या वस्तीत आल्या तेव्हा बायका दोनदोनशे रुपयांची भिशी लावायच्या आणि ती दर दोन वर्षांनी कोणीतरी बुडवायची. मग रडारड, नळावर भांडणं, एकमेकींच्या झिंज्या. शेवटी सगळ्यांनी मिळून ती राधाताईंच्या गळ्यात घातली, कारण ही बाई कमी बोलते आणि बोलली तर करते. तेव्हापासून ती एकदाही चुकली नाही. आता दहा बायका आहेत, दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी प्रत्येकीचे दहा हजार येतात, आणि जिचा नंबर असेल तिच्या हातात संध्याकाळच्या आत लाख रुपये पडतात. उद्या नाही, सोमवारी नाही. त्याच दिवशी. एका वर्षी राधाताईंना डेंग्यू झाला होता, सलाईन लागलं होतं. राजारामच्या हाती पैसे पाठवले पण शनिवार टळू दिला नाही. सिरिंज पॅक करायच्या गाळ्यात अठरा वर्षं काढली, तिथे कोणी त्यांना शाबासकी दिली नाही. जी काय इज्जत कमावली ती ह्या शनिवारांवर कमावली.

तर अशा बाईच्या हातून पोरीच्या लंडनची वाट लागली.

अबोली सिव्हिल इंजिनीअर. दोन वर्षं एका कंपनीत सांडपाण्याच्या लाईनी आखल्या, आणि त्याच विषयात पुढे शिकायचं म्हणून इंग्लंडातल्या युनिव्हर्सिटीत अर्ज केला. अर्ध्या फीची स्कॉलरशिप मिळाली. पत्र आलं त्या दिवशी राजाराम हॉलमधल्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडून इतका वेळ उभे राहिले, की राधाताईंना वाटलं ह्यांना चक्करबिक्कर येते की काय. "लंडन गं राधा," एवढंच म्हणाले. अबोलीनं सांगितलं, पप्पा, लंडन नाही, लंडनपासून तीन तास आहे. पण ते कोण ऐकतंय? विहारात सत्कार झाला, शाल मिळाली, बिल्डिंगच्या गेटवर अबोलीचा फोटो टाकलेला बॅनर लागला.

स्कॉलरशिपला एकच अट होती. ह्याच सप्टेंबरला यायचं. पुढच्या वर्षी आलात तर स्वागत आहे, पण पूर्ण फी भरून. पूर्ण फी म्हणजे तायड्यांच्या घरात नाव काढायची गोष्ट नव्हती.

मग रविवारी रविवारी तिघं जमिनीवर बसून बजेट करायला लागली. उरलेली फी, खोलीचं भाडं, तिकीट, व्हिसा, आणि सरकारी दवाखान्यासाठी आधीच भरून घेतात तो कर. "आजारी पडायच्या आधीच पैसे?" राधाताई म्हणाल्या. "बरे आहेत की हे!" चहाचा तिथला भाव ऐकून त्यांनी चहापावडर, पातेलं, गाळणी सगळं बॅगेत लिहून टाकलं. बँकेच्या कर्जाचंही बघून झालं. पण पुनर्वसनात मिळालेलं एसआरएचं घर पहिली काही वर्षं गहाण टाकता येत नाही, राजाराम नुकतेच वर्कशॉपमधून रिटायर झालेले, राधाताईंचा गाळ्यातला पगार रोखीचा, तो बँक धरत नाही, आणि कर्जाला जामीन म्हणून कमावतं माणूस हवं. ते कुठून आणायचं? तेव्हा ठरलं, स्वतःच्याच पैशावर पाठवायची. राजारामचा पीएफ, अबोलीची बचत, राधाताईंच्या बांगड्या. बांगड्या मोडताना त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. सोनाराला म्हणाल्या, "नीट वजन कर, पोरगी इंग्लंडला चाललीय."

व्हिसाचं काम केयूर बघत होता. पाच रस्त्याला साडीच्या दुकानावर त्याचं ऑफिस. पोरगा सरळ, उगाच गोड बोलणारा नव्हे. त्यानं समजावलं की सगळा पैसा एका खात्यात आणायचा, मुलीच्या नाहीतर आईबापाच्या. काकामामाचं चालत नाही. सोळा लाख रुपये अठ्ठावीस दिवस तिथे सलग दिसले पाहिजेत. मग स्टेटमेंट काढायचं आणि व्हिसाला टाकायचं. पीएफ यायला उशीर झाल्यामुळे दिवस अगदी काठावर होते, पण बसत होते.

"आंटी, एकच सांगतो," तो म्हणाला. "खात्याला हात लावायचा नाही."

पैसा राधाताईंच्या खात्यात ठेवला. का, तर राजारामना एटीएमचा पिन आठवत नाही आणि घरात सगळ्यांत घट्ट मूठ राधाताईंची. आणि बाई त्या शब्दाला जागली हो! दाढ ठणकत होती, लवंग धरून दिवस काढले पण दाताच्या डॉक्टरकडे गेल्या नाहीत. अकोल्याहून पुतण्याचा फोन आला, मोटरसायकलला कमी पडतायत. त्याला तोंडावर नाही म्हणाल्या. गॅसवाल्याला सुट्टे मोजून दिले. सोळा लाखांवर वरचे चाळीस हजार पडले होते, त्यालाही हात नाही.

आणि ऑगस्टचा चौथा शनिवार आला.

नंबर माधुरीचा होता. माधुरी तिसऱ्या मजल्यावरची, वस्तीपासूनची मैत्रीण. दुपारपर्यंत सगळ्या बायकांचे पैसे रोख आले, राधाताईंनी आपले दहा घातले, लाख रुपये रबर लावून कपाटात ठेवले. चार वाजता माधुरी धावत वर आली. तिच्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवायच्या होत्या. ट्रॉलीवाला म्हणत होता, आजच्या आज ऑनलाइन टाका, उद्यापासून ऑफर बंद. रोख त्याला नको होती. माधुरीच्या खात्यात तेवढे नव्हते आणि बँक बंद, चौथा शनिवार.

"राधा, तू टाक ना गं तुझ्या खात्यातनं. रोख तुझ्याकडेच ठेव."

आता सांगा, ह्यात विचार काय करायचा? पैसे समोर कपाटात. माधुरीचे ते राधाताईंच्या कपाटात, राधाताईंचे ते माधुरीच्या कामाला. देणं नाही, घेणं नाही, उसनंही नाही. नुसती अदलाबदल. ऑनलाइन कसं टाकायचं ते अबोलीनंच शिकवलं होतं, आणि अबोली त्या वेळी थंडीचे कपडे बघायला ठाण्याला गेली होती. राधाताईंनी चष्मा लावला, नंबर दोनदा तपासला आणि लाख रुपये पाठवले. फोन टिंग वाजला. आपल्याला जमलं म्हणून खूश झाल्या बिचाऱ्या. सोमवारी बँक उघडल्या उघडल्या जाऊन रोख भरली, स्लिपवर शिक्का घेतला. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. घरी येऊन सांगण्यासारखं त्यात काही होतं असं त्यांना वाटलंच नाही.

स्टेटमेंट काढलं त्या दिवशी मायलेकी केयूरकडे गेल्या. तो कागदांवरून पेन फिरवत खाली येत होता. पेन थांबलं.

"आंटी, हे शनिवारी काय झालं?"

"ते होय? ते भिशीचे. सोमवारी परत भरले की. बघा, खाली दिसतील."

"दिसतायत. पण शनिवार-रविवार बॅलन्स सोळाच्या खाली गेला."

"पण पैसे घरातच होते! माझ्या कपाटात."

केयूरनं पेन खाली ठेवलं. "आंटी, त्यांना तुमचं कपाट दिसत नाही. सलग अठ्ठावीस दिवस पाहिजेत. एक दिवस जरी खाली गेला तरी मोजणी तुटते. सोमवारपासून पुन्हा पहिला दिवस."

"मग धरू या की सोमवारपासून."

"तसे अठ्ठावीस भरेपर्यंत युनिव्हर्सिटीची हजर व्हायची शेवटची तारीख निघून जाते."

अबोलीनं आईकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "कोणाला दिलेस?"

"माधुरीला. ट्रॉलीला."

"ट्रॉलीला," अबोली म्हणाली. रिक्षात ती बाहेर बघत होती आणि राधाताई तिच्याकडे.

पुढचे दिवस त्या बाईनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. बँकेत गेल्या. ऑफिसरला म्हणाल्या, साहेब, एक पत्र द्या, की पैसे होते म्हणून. तो म्हणाला, खात्यात नव्हते मॅडम, मी काय लिहू? "नऊ बायका साक्षीला आणते," राधाताई म्हणाल्या. "प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं दिलेत. त्या सांगतील पैसे कुठे होते ते. सही करतील, अंगठा म्हणाल तर अंगठा देतील." ऑफिसर वाईट नव्हता. त्यानं पाणी मागवलं त्यांच्यासाठी. पण मागची माणसं टोकन घेऊन खोळंबली होती, आणि त्याला द्यायला दुसरं काही नव्हतं.

अबोलीनं युनिव्हर्सिटीला मेल केली. आठ दिवस उशिरा आले तर चालेल का? गोड भाषेत उत्तर आलं, नाही चालणार, आणि स्कॉलरशिपही पुढे नेता येणार नाही. कर्ज देणाऱ्या दोन खासगी कंपन्यांना राजारामनी फोन लावले. पेन्शन किती विचारलं आणि पुन्हा फोन करतो म्हणाले. केले नाहीत.

केयूरच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलेल्या एका बापाकडून राधाताईंना कळलं, साकीनाक्याला एक माणूस आहे. स्टेटमेंटमधली ओळ बदलून देतो. कोणाला काही कळत नाही.

ज्या बाईनं उभ्या जन्मात रिक्षावाल्याचे दोन रुपये ठेवून घेतले नाहीत, ती बाई घरी गाळ्यावर चालले सांगून साकीनाक्याला गेली. वर्कशॉपांच्या रांगेत, लेथ मशीनच्या कल्लोळात, एका पोटमाळ्यावर तो बसला होता. बघून म्हणाला, "एकच एन्ट्री आहे ताई. दहा मिनिटं बसा." राधाताई बसल्या. पदर तोंडावर धरून बसल्या, कोणी ओळखीचं बघेल म्हणून. कागद हातात आला तर खरंच, तो शनिवार पुसला गेला होता. माधुरी नाही, ट्रॉली नाही, काहीच झालं नाही. त्यांना तो कागद इतका आवडला की डोळ्यांत पाणी आलं.

घरी येऊन त्यांनी तो अबोलीसमोर ठेवला. अबोलीनं ओळीवर बोट फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. तिलाही मोह झाला, का नाही होणार? पोरगी पंचवीस वर्षांची, बॅगा अर्ध्या भरलेल्या. मग तिनं कागद उलटा ठेवला.

"व्हिसावाले बँकेला विचारतात, आई. पकडलं तर दहा वर्षं बंदी. कुठेच जाता येणार नाही."

"नाही पकडणार. तो म्हणाला नाही पकडत."

"तू, आई? तू हे करून आलीस?"

"तुझ्यासाठी केलं ना! मग काय करू सांग. जीव देऊ?"

"सोमवारी ये, एवढं म्हणायचं होतंस!" अबोली किंचाळली. "माधुरीकाकूला. एकदा! सोमवारी ये, आज बँक बंद आहे. काय झालं असतं? ट्रॉली चार हजारांनी महाग झाली असती. आख्ख्या बिल्डिंगीत कोणाला तू कधी थांब म्हणाली नाहीस. आता मीच तेवढी थांबायचं!"

पोरगी म्हणत होती ते शब्द त्या शनिवारी चार वाजता राधाताईंच्या मनातसुद्धा आले नव्हते. सोमवारी ये म्हणायचं असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी तो कागद उचलला, गॅस पेटवला आणि बर्नरवर धरला. राजाराम दारात उभे राहून सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुरी घेऊन खाली गेले आणि गेटवरचा बॅनर स्वतःच्या हातानं कापून काढला. वॉचमननं विचारलं, काय झालं? म्हणाले, "रंग उडालाय उन्हानं." बॅनर नवाकोरा होता.

बॅनर गेला म्हटल्यावर बातमी फुटायला किती वेळ! त्या रविवारी दुपारी दारावर थाप पडली. राधाताईंनी दार उघडलं तर बाहेर सगळी भिशी उभी. नऊच्या नऊ. माधुरी पुढे, रडून डोळे सुजलेले. आत येऊन तिनं टीपॉयवर पाकीट ठेवलं. "ट्रॉलीवाल्याकडून परत आणलेत. कापून दिले मेल्यानं, पण आणलेत." मागोमाग दुसरीनं ठेवले, तिसरीनं ठेवले. कोणी पुढच्या सहा महिन्यांची भिशी एकदम आणली होती, कोणी मंगळसूत्राची वाटी रुमालात बांधून आणली होती. एक म्हणाली, "आपण आपल्या अबोलीला पाठवायची म्हणजे पाठवायची. किती कमी पडतात सांग राधाताई, तेवढे इथून उठायच्या आत करतो."

राधाताईंनी त्या ढिगाकडे बघितलं. इतकी वर्षं ज्यासाठी झिजल्या, ते सगळं समोर पडलं होतं. कोणी मागितलं नव्हतं, आपणहून आलं होतं. आणि त्यांना हुंदका आवरेना.

"कमी नाही पडत गं बायांनो," त्या म्हणाल्या. "पैसे पुरेत. पैसे पहिल्यापासून पुरे होते. मला दोन दिवस कमी पडतात. शनिवार आणि रविवार. आहेत का कोणाकडे?"

माधुरी मटकन खाली बसली आणि राधाताईंचे पाय धरायला लागली. त्यांनी तिला उठवलं, "तू काय केलंस? तू मागितलंस, मी दिले," म्हणाल्या. मग एकेकीचे पैसे एकेकीच्या हातात परत दिले, नीट, मोजून, कोणाचे किती ते न विचारता. भिशीतल्या बाईला ते विचारावं लागत नाही.

बायका गेल्यावर अबोली आतून आली. लॅपटॉप घेऊन आईशेजारी बसली. बरेच दिवसांनी शेजारी बसली.

"त्यांना कळवायला पाहिजे, येत नाही म्हणून. आजची शेवटची तारीख आहे."

"काय लिहिलंस?"

"घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही."

"खरं लिही," राधाताई म्हणाल्या. "माझं नाव घाल. आईमुळे येता येत नाही, असं लिही."

"नाही लिहिणार."

"का पण? खरंच आहे ना ते?"

अबोलीनं लॅपटॉप जवळ ओढला. "तिथे कोणाला माहितीय गं तू कोण आहेस? त्यांना नुसतं एवढंच कळेल, की हिच्या आईनं घात केला. दुसरं काही कळणारच नाही."

तिनं बटण दाबलं. मेल गेली. मग तिनं आईच्या मांडीवर डोकं टाकलं आणि मोठ्यानं रडली, लहानपणी रडायची तशी, नाक-तोंड एक करून. राधाताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रडू नको म्हणायचं तोंडावर आलं होतं, पण आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं?